तळ दिसेल इतकं नितळ

तळ्याकाठी उतरल्या उतरल्या जाहिरातवाल्यानं नाकाला रुमाल लावला.

या जागेचं माहितीपत्रक त्यानंच लिहिलं होतं. ऑफिसात बसून, तीन फोटो बघून, एका दुपारी. बायकोला त्यानं हे सांगितलं नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला सपाट वाटेवर चालायला सांगितलं, तिनं कुठूनसं तेच पत्रक पैदा केलं, हौसेनं खोली ठरवली, आणि त्याची दातखीळ बसली. आता चार दिवस ही कारागिरी कुणाची हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

"'तळ दिसेल इतकं नितळ पाणी,'" काठी टेकत ती वाचू लागली.

पाण्यावर हिरवी साय धरली होती. सायीत फुगलेले मासे पोटं वर करून पडले होते आणि त्यांच्या सोबतीला कुणाच्या तरी बाळाचं डायपर होतं. तळ्याचा हा कोपरा जमिनीत आत शिरलेला. त्यामुळे साऱ्या तळ्याची घाण वाऱ्यानं इथे मुक्कामाला यायची.

"'निवांत पाऊलवाट, मखमली शांतता.'"

वाट निवांत होती खरी. शहाणी माणसं तिकडे फिरकत नव्हती. बूट बुळबुळीत चिखलात रुतायचा आणि ओकल्यासारखा आवाज करत सुटायचा.

समोरून लॉजवाला आला. "पत्रक वाचताय होय? झकास लिहिलंय. लिहिणारा मात्र कधी इकडे आला नाही."

"नालायक असेल," जाहिरातवाला घाईघाईनं म्हणाला.

"नालायक नाहीत हो," बायको म्हणाली. "शांततेला 'मखमली' म्हणणारे एकच गृहस्थ मला माहीत आहेत. एकवीस वर्षं माझ्या सूपला मखमली म्हणतात. झाकण उघडायच्या आधीच."

लॉजवाल्याला एकाएकी काहीतरी काम आठवलं. तो गेला.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या ओळीला."

"मग आलीस कशाला?"

"म्हटलं, माझा गुडघा असा, आणि तरी तुम्ही अडवलं नाहीत. निदान ही जागा तरी तुम्ही बघून आला असाल."

रुमालाआडून तो काहीतरी पुटपुटला.

"रुमाल काढा आधी," ती म्हणाली आणि पत्रकाची कोरी बाजू त्याच्यापुढे धरली. "आता लिहा."

त्यानं रुमाल काढला. खिशातून पेन काढलं. विशेषण एकही सुचत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'मासे मेलेले आहेत.'

"पुढे?" ती म्हणाली.