उष्टी हळद येईपर्यंत

बाळंतपणाच्या रजेवरून परतले त्याच आठवड्यात भीमराव सरांनी सांगून टाकलं, पहिल्या वर्षाची ऑझ ही प्रोग्रामिंगची भाषा बंद करायचा विचार आहे. सर आमच्या बदलापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं, इंटरव्ह्यूला ती कोणी विचारत नाही, पोरं घाबरतात आणि प्रोग्राम सारखे हँग होतात. मी एक तास मागितला. घ्या म्हणाले, पोरांनी स्वतः प्रोग्राम चालवून दाखवला तर भाषा राहील.

प्रोग्राम लिहिण्याच्या किती तरी रीती या एकाच भाषेत शिकवता येतात, म्हणून माझा जीव तिच्यावर. तयारी केली ती तान्ह्या रिद्धीला मांडीवर घेऊन, एका हाताने टाईप करत. दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत.

तासाला सर मागच्या बाकावर बसले. मी लग्नाच्या जेवणाचं उदाहरण घेतलं. पाहुण्यांचा आकडा कळला की तांदूळ किती, खुर्च्या किती, हे प्रोग्रामचे वेगवेगळे भाग आपापलं काढणार. आकडा अजून दिला नव्हता, म्हणून स्क्रीनवर उत्तरांच्या जागी नुसत्या छोट्या आडव्या रेघा.

"मॅडम, अटक गया," बुवापाड्याचा सनी म्हणाला, आणि मी अडवायच्या आत त्याने बाहेरच्या क्लासात लागलेल्या, आधी शून्य धरायच्या सवयीने पाहुणे बरोबर शून्य लिहून टाकलं. तांदूळ शून्य, खुर्च्या शून्य. मग खरा आकडा दिला तर एरर. या भाषेत नावाला एकदा किंमत मिळाली की ती बदलत नाही.

"बिनपाहुण्यांचं लग्न लावलंस," तेजल म्हणाली. वर्ग हसला. सरांनी घड्याळ पाहिलं.

स्लाईडवर व्याख्या होती, ती वाचवेना. म्हणून माझ्या हळदीचं सांगितलं. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन येणारा टेम्पो चिखलोलीच्या अलीकडे बंद पडला होता. सखूआत्या घाईची, घरच्या डब्यातली हळद कालवून मला लावायला निघाली. लग्नाची गाणी, धवले, गाणाऱ्या जनूआजीने तिचा हात धरला.

"त्यांची हलद येवंदे गो. तवर तू चूल बघ."

मी पाटावर थांबले, पण लग्नघर थांबलं नाही. भात शिजला, मांडव सजला, बँजो वाजत राहिला. हळद आली आणि जे जिथे अडलं होतं ते तिथून पुढे सुरू झालं. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

अर्ध्या वर्गाच्या घरी अशीच लग्नं. सनी हसायचा थांबला.

"म्हणजे मी डब्यातली लावली."

त्याने शून्याची ओळ पुसली, प्रोग्राम पुन्हा लावला. रेघा आल्या. या वेळी कोणी अडकला म्हणालं नाही. उलट सनीने मागे वळून सरांनाच विचारलं, पाहुणे किती धरू?

सर म्हणाले, "पाचशे. माझ्या मुलीचंच आहे या मोसमात."

सनीने आकडा टाकला आणि सगळ्या रेघा एकदम भरल्या. बाकं वाजली, तेजलने शिट्टी मारली, मी दटावलं नाही. सर उठून पुढे आले, स्क्रीन नीट पाहिली.

"तांदूळ कमी धरलाय तुम्ही," ते म्हणाले. "पुढच्या तासाला दुरुस्त करून घ्या. वर्षभराचे तास आहेतच तुमचे."

घरी आल्यावर पहिल्यांदा रिद्धीला सांगितलं. तिने माझं बोट धरलं ते सोडलंच नाही. मग तांदळाची ओळ एका हातानेच दुरुस्त केली.