मागचा टाळकरी

मुरगूडचे अप्पा चाळीस वर्षं कीर्तनात टाळ घेऊन बुवांच्या मागे उभे राहिले. बुवांनी चरण म्हणायचं, अप्पांनी ते झेलून परत म्हणायचं. बुवा कुठे चुकले तर अप्पा तोंडाने बोलत नसत. नुसता टाळ थांबवत. बुवा ओळखायचे आणि चरण पुन्हा घ्यायचे.

त्यांची लेक क्रांती वैमानिक व्हायला निघाली. बारावी विज्ञान, डोळ्यांपासून काळजापर्यंत तपासण्या, लेखी परीक्षा, शिकवणाऱ्या सरांसोबत कितीतरी उड्डाणं. आज पहिल्यांदा एकटीने जायचं होतं. अप्पांना जाऊन पाच महिने झाले होते. निघताना आई म्हणाली, "मला आता तूच हाईस, बाई. जपून उतर."

"पिशवीत काय हाय?" विमानाजवळ राजवर्धन सरांनी विचारलं.

"अप्पांचे टाळ, सर."

"इमानात सुटी वस्तू चालत न्हाय. आण हिकडं. तुझा अप्पा काय टाळाबिगर येणार न्हाय व्हय?"

त्यांनी टाळ कपाटात ठेवून कुलूप लावलं.

क्रांती वर गेली. रेडिओवर सरांनी दिलेली सूचना तिने जशीच्या तशी परत म्हणायची, हा नियम. पहिली सूचना तिने परत म्हटली, आणि पाठीमागून कुणीतरी तीच हळूच म्हटली.

विमान शेजारी-शेजारी दोनच आसनांचं. मागे माणूस बसायला जागाच नव्हती.

दुसऱ्या सूचनेलाही तसंच. तिसऱ्यालाही. खर्जातला, झेलणारा आवाज. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

उतरायची परवानगी आली. तिने परत म्हटली.

मागे शांत.

समोर धावपट्टी मोकळी दिसत होती. "अप्पा?" ती पुटपुटली. काहीच नाही. जमीन वर येऊ लागली. चुकलंय काहीतरी. तिने इंजिनाचा जोर पूर्ण वाढवला, विमान उचललं.

"पुन्हा फेरी घेते, सर."

मागून सावकाश तेच शब्द आले.

खाली, धावपट्टीच्या मधल्या उंचवट्यापलीकडे, नुकताच आत शिरलेला म्हशींचा कळप निवांत उभा होता. चाकं टेकून धावली असती, नेमकी तिथेच.

म्हशी हाकलल्यावर ती उतरली. सर धापा टाकत आले. "उंचवट्यामुळं मला बी दिसल्या न्हाईत. तुला कसं गं कळलं?"

"सर, माझे टाळ द्या."

त्यांनी कुलूप काढलं, टाळांना हात लावला आणि दचकून मागे घेतला.

क्रांतीने ते ओंजळीत धरले. भजन नुकतंच संपावं, तसे ते तापलेले होते.