सुट्या भागांचा कॅमेरा

खोकं उघडलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंना वाटलं, पार्सल चुकीचं आलं. आत एक काळा, विटेएवढा ठोकळा होता. पाहायला पडदा नाही, धरायला मूठ नाही, आणि जिथं काच असायला हवी तिथं झाकण लावलेलं एक भोक.

"कॅमेरा कुठी हाय गा?" त्यांनी विचारलं.

"हाच तं हाय, बाई," प्रवीण म्हणाला. "बाकीचं वेगळं घ्या लागते. पडदा वेगळा, ब्याटरी वेगळी, लेन्स वेगळ्या. ट्रॅक्टर घेतला तं मुंडकंच येते ना? नांगर, ट्रॉली मंग घेतो आपण. तसं."

"ट्रॅक्टरचं मुंडकं रस्त्यानं चालते तरी. हे काय करते?"

प्रवीण हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ठोकळा उलटा केला. खालच्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. प्रवीणनं ठोकळा हळूच त्यांच्या हातातून घेतला.

अन्नपूर्णाबाई सिंदेवाहीच्या. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दिवाळी झाली की मंडप पडायचे आणि होळीपर्यंत रोज नवं गाव. आधी नायिका, मग वहिनी, मग आई. आता आईच्या भूमिकेलाही कंपन्या नागपूरच्या बाया आणत होत्या. एकदा एका मालकानं "पुढचं नाटक तुमच्याच नावावर" असं सांगितलं होतं, आणि गावच्या चौकात लागलेल्या पोस्टरवर त्यांना दुसरीचाच चेहरा दिसला होता. तेव्हापासून त्या सगळ्यांचं ऐकून घेत, पण मनात एक दार बंद ठेवत.

माजरीकडची माहेरची जमीन खाणीत गेली. भावांनी मोबदल्यातला बाईंचा वाटा न मागता दिला. सगळे म्हणाले, बँकेत ठेव. बाईंनी प्रवीणला बोलावलं. प्रवीण लग्नं आणि नाटकं शूट करायचा, पण त्याला सिनेमा करायचा होता, हे सगळ्या सिंदेवाहीला माहीत होतं.

"मंडपात हजार माणूस बसते," बाई त्याला म्हणाल्या होत्या. "पण माझे डोळे पहिल्या दोन रांगांनंच पायले. मले मागच्या रांगेतल्या माणसाले डोळे दाखवाचे हायत."

गोष्ट बाईंचीच होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरून निघून गेलेल्या बहिणीला शोधत भामरागडकडच्या रानात फिरणारी एक बाई. ती बाई त्या स्वतः होणार होत्या. वाटेतलं एक घर म्हणून चैतू आणि सुकरी या माडिया आदिवासी नवराबायकोनं आपलं अंगण द्यायचं कबूल केलं होतं. बजेट सहा लाखांचं. अर्धं कॅमेऱ्याला, सव्वा लाखात तीन लेन्स, उरलेल्यात गाडी, जेवण, माणसं.

अट एकच घातली होती. "जुनं काई नको. जिंदगीभर कपडेपटातल्या, दुसऱ्यानं घालून सोडलेल्या साड्या नेसल्या मी. हे माझं पयलंवयलं हाय. नवं पायजे."

"नवंच घेऊ," प्रवीण म्हणाला होता.

मग सुटे भाग येऊ लागले. साधं कार्ड चालत नाही, म्हणून महागडं कार्ड. ब्याटरी लावायला वेगळी पाटी. कॅमेऱ्याभोवती लोखंडी चौकट, जिला प्रवीण पिंजरा म्हणायचा.

"कॅमेऱ्याले पिंजरा?" बाई म्हणाल्या. "पळून जाते काय तो?"

"त्याच्यावर बाकी सामान कसते, बाई."

प्रत्येक वेळी तो समजावून सांगायचा, आणि प्रत्येक वेळी ते पटायचं. पटतं याचीच बाईंना भीती वाटू लागली. खोटं बोलणारा मालकही नीट समजावूनच बोलायचा.

चंद्रपूरला शिक्षिका असलेली त्यांची भाची उर्वशी सुट्टीत आली, तेव्हा बाईंनी तिला सामान दाखवलं. उर्वशीनं फोनवर किमती शोधल्या.

"मावशी, कॅमेऱ्याचा भाव बरोबर हाय. पण या लेन्स... नेटवर याच्या दुपटीहून जास्त हायत. एवढ्या स्वस्त कोण देते?"

"स्वस्त भेटल्या तं चांगलंच ना?"

"नक्कल असन. नाई तं..."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नागपूरच्या एका दुकानात फोन लावला, आवाज बदलून. बाईंना आवाज बदलणं जड नव्हतं. दुकानदारानं भाव ऐकला आणि हसला. "एवढ्यात तीन? बाई, असा माल कोणी दाखवत असेल तर घेऊ नका. चोरीचा असतो."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी प्रवीणला काही विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल. त्या फक्त पाहू लागल्या. फोन आला की तो अंगणात का जातो? लेन्सच्या डब्या उघडताना पाठ का करतो? जी माणसं आजवर "प्रवीणभाऊ चांगला पोरगा" म्हणत होती, त्यांच्याही बोलण्यात बाईंना आता काहीतरी लपवल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

मग उर्वशीनं चंद्रपूरहून एक व्हिडिओ पाठवला. गावातल्या खुशबूच्या लग्नाचा, प्रवीणनं केलेला. खाली लिहिलं होतं, 'मावशी, नीट पाय.'

बाईंनी पाहिलं. हळद लागलेली खुशबू मान वर करत होती. मागची माणसं, मंडपाचे दिवे, सगळं विरघळून गेलं होतं, आणि राहिले होते फक्त तिचे डोळे. पापणीवर हळदीचा एक कण होता. तोही दिसत होता. असं चित्र प्रवीणच्या जुन्या कॅमेऱ्यातून कधी निघालं नव्हतं. आणि खुशबूचं लग्न पार्सल उघडायच्या आधीच होऊन गेलं होतं.

म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे आधीच आला होता. बाईंच्या पैशाच्या कॅमेऱ्यावर तो लग्नं मारत होता. बाईंचे कान तापले. तरी त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि पुन्हा. राग येत होता आणि नजर हटत नव्हती. मधेच त्यांनी खुशबूच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, आणि मग स्वतःचाच राग येऊन फोन उशीखाली सारला.

मे महिन्यात दोघं जागा पाहायला आणि कॅमेरा तपासायला भामरागडकडे निघाले. पाऊस लागला की तिकडचे रस्ते तुटतात. शूटिंग त्याआधीच व्हायला हवं होतं. उसनी व्हॅन प्रवीण चालवत होता. बाई लेन्सची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मागं ठेवा ना, बाई. जड हाय."

"राहू दे. इथीच बरी हाय."

आलापल्ली मागे पडली. रान दाट झालं. एका वळणावर पोलिसांनी गाडी थांबवली. तपासणी नेहमीचीच, पण जवानानं मागची पिशवी उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. वायरी, ब्याटऱ्या, लोखंडी चौकट, स्क्रू, काळा ठोकळा.

"हे काय आहे?"

"कॅमेरा हाय, साहेब," प्रवीण म्हणाला.

"हा कॅमेरा?"

"सुट्या भागांचा असते. लावून दाखवतो."

त्यांनी झाडाखालच्या टेबलावर सगळं मांडायला लावलं. उन्हात प्रवीण एकेक भाग जोडू लागला. जवानानं लेन्सच्या पेटीकडे बोट केलं. बाईंना पेटी द्यावी लागली. चोरीचा माल, आणि तो माझ्या मांडीवर, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. उद्या पेपरात काय येईल? नटी पकडली, असं?

जवानानं ठोकळा उलटा केला, खालची चिकटपट्टी नखानं उचलली आणि ओढली. खाली अर्धवट खरवडलेलं एक नाव होतं, कुठल्याशा स्टुडिओचं.

"यावर दुसऱ्याचं नाव कसं? कोणाचा आहे हा?"

प्रवीणनं आधी जवानाकडे पाहिलं, मग बाईंकडे. तेव्हाचा त्याचा चेहरा बाई कधी विसरल्या नाहीत. खोटं बोलावं की नाही, हे तो ठरवत होता.

"जुना हाय, साहेब," तो म्हणाला. "नागपुरात एक स्टुडिओ बंद झाला, त्याच्या मालकाकडून घेतला. त्याले विचारा."

जवानानं त्यानं दिलेला नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस मोकळेपणानं बोलला. हो, प्रवीणला कॅमेरा विकला, पावणेदोन लाखांना. तीन लेन्सही आपल्याच, त्या अडीचच्या खाली सोडल्या नाहीत. केव्हा? फेब्रुवारीत.

बाईंच्या घरी पार्सल एप्रिलात उघडलं होतं.

जवानानं सामान परत केलं. "पट्टी लावून नाव झाकत जाऊ नका," एवढंच म्हणाला.

व्हॅन पुढे गेली, आणि एका मोहाच्या झाडाखाली बाईंनी ती थांबवायला लावली.

"बोल."

प्रवीणनं स्टिअरिंग सोडलं नाही. "नवा घेतला असता तं लेन्सले पैसे उरत नव्हते, बाई. सव्वा लाखात साध्या लेन्स आल्या असत्या. तुमाले डोळे दाखवाचे हायत म्हणता, तं ते कॅमेऱ्यानं नाई होत, लेन्सनं होते. म्हून कॅमेरा जुना घेतला. तुमाले कॅमेरा महाग सांगतला, लेन्स स्वस्त सांगतल्या. बेरीज तेवढीच हाय. एक रुपया मी खाल्ला नाई."

"आन् खुशबूचं लग्न?"

रस्त्यावरून तेंदूपत्त्याचे गठ्ठे भरलेला एक ट्रक गेला. धूळ आत येऊ नये म्हणून प्रवीणनं काच वर केली.

"दोन लग्नं मारली," तो शेवटी म्हणाला. "हात बसवाचा होता, हे खरं हाय. पण पैसे भेटले ते ठेवून घेतले, हे बी खरं हाय."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी जुनं नको म्हणाल्या होत्या. सांगतलं असतं तं घेऊच देल्लं नसतं."

"नसतंच देल्लं. माझे पैसे होते, प्रवीण. नाई म्हणाचा हक बी माझा होता."

"तुमी मले चोर समजून राह्यल्या होत्या ना? पेटी मांडीवर घेतली तवाच समजलं मले."

"हो," बाई म्हणाल्या. "समजत होती."

परत फिरावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पाऊस जवळ होता, आणि चैतू वाट पाहत होता.

चैतूच्या अंगणात वेगळाच प्रश्न उभा राहिला. प्रवीणनं कॅमेरा लावला तशी सुकरी दाराआड गेली. ती माडियात नवऱ्याशी बोलली. चैतूनं मराठीत सांगितलं, "ते म्हणते, मागं बी लोकं आले, फोटो काढून गेले. कुठी दाखवले, आमाले नाई मालूम. आधी या बाईले काढा. मले पाहू द्या, काय दिसते ते."

अन्नपूर्णाबाई अंगणातल्या मांडवाच्या खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रवीणनं सगळ्यात लांब लेन्स लावली आणि दूर गेला. बाईंना काही करावंसं वाटलं नाही. सकाळपासूनची चीड, चौकीवरची भीती, सगळं अंगात तसंच होतं. त्या नुसत्या कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या, प्रवीणकडे पाहत होत्या तशाच.

सुकरी बाहेर आली आणि छोट्या पडद्यासमोर वाकली. मग तिनं बाईंना हातानं बोलावलं.

पडद्यावर एक बाई होती. वय लपत नव्हतं. डोळे बारीक झाले होते आणि समोरच्यावर अजिबात विश्वास ठेवत नव्हते. रानात बहीण हरवलेली बाई अशीच तर पाहील, भेटलेल्या प्रत्येकाकडे. बाईंनी इतक्या वर्षांत असं काम केलं नव्हतं. स्टेजवर दिसलंच नसतं.

"कोनावर रागावली हे?" सुकरीनं तोडक्या मराठीत विचारलं.

प्रवीण खाली मान घालून लेन्सचं झाकण शोधू लागला.

"ठेवून दे," बाई त्याला म्हणाल्या. "आन् ऐक. लग्नाचे पैसे सिनेमात टाक. कॅमेरा माझ्या घरी राहीन. आन् यापुढं माझ्याशी खोटं नाई. माझ्या भल्यासाठी तं बिलकुलच नाई."

"ठीक हाय," तो म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुमचा भरोसा हाय काय आता?"

"नाई. पण काम सुरू करू."

शूटिंग सुरू झालं. सुकरीनं दोन दृश्यांत काम केलं, आणि प्रत्येक वेळी काढलेलं आधी स्वतः पाहिलं. तिसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि कॅमेरा बंद पडला. आतला पंखा जुना झाला होता. नवा असता तर कंपनीनं फुकट दुरुस्त केला असता. प्रवीणनं बंद पडलेला कॅमेरा पिशवीत भरला.

"मी नागपूरला जाऊन बनवून आणतो," तो म्हणाला. "खर्च माझा."

"चाल. मी पण येते."

नागपूरच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात बाई स्टुलावर बसल्या. कारागिरानं ठोकळ्याचे स्क्रू काढून एका वाटीत टाकायला सुरुवात केली. प्रवीण बाहेर गेला आणि दोन चहा घेऊन आला. एक त्यानं बाईंसमोर धरला.

"साखर कमी सांगतली," तो म्हणाला.

बाईंनी चहा घेतला. घोट घेतला, मान हलवली, पण नजर टेबलावर उघडलेल्या कॅमेऱ्यावरून काढली नाही.