नऊ पत्रिका, एकच गुरुवार

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. वाटू नयेच. माझ्या बायकोने उभ्या संसारात माझ्या एकाच वाक्यावर विश्वास ठेवला, "भूक लागली." तरी ऐका, कारण ही हकीकत मी सरहद्दीपलीकडच्या चहाच्या दुकानात, भर सकाळी, वकिलीणबाईंच्या वहीसमोर सांगितलेली आहे.

वकिलीणबाई म्हणजे ह्निन पोन. वय तिशीचं, पण कपाळावर आठ्या साठीच्या. आमच्या देशातून पळून आलेल्यांच्या जबान्या ती लिहून घेते. कोणत्या पलटणीने, कोणत्या गावात, किती वाजता, कोणाला. माझ्याकडून तिला एवढंच हवं होतं: आमच्या ठानगोन गावच्या नऊ माणसांची पानं कुठे आहेत, आणि ती घेऊन निघालेल्या शाळेच्या म्या यीन बाई कुठे आहेत.

"काका, घडलं तेवढंच सांगा," ती म्हणाली. "कोर्टात फोडणी चालत नाही."

"फोडणीशिवाय काकांना पाणीसुद्धा उतरत नाही," शेजारच्या बुटक्या स्टुलावरून न्युंट म्हणाला. हा गडी महिन्यापूर्वी बंदूक टाकून पळून आला. तोही आमच्या गावात शिरलेल्या पलटणीतला. पण पलटणीत शेकड्यांनी माणसं असतात, म्हणून मी त्याला भीत नव्हतो.

"तू तुझा मुरवलेला चहाचा पाला चाव," मी म्हटलं. "तोंड गुंतलेलं राहील."

तर मी ठानगोनचा पत्रिका कोरणारा. मूल जन्माला आलं की ताडाच्या पानावर लोखंडी टोकाने त्याची कुंडली कोरायची आणि वरून काजळी चोळायची. अक्षर इतकं बारीक, की एकदा एक मुंगी पानावर चढली ती वाचता वाचता दुपारपर्यंत हललीच नाही.

"मुंगीला शाळेत कोणी घातलं?" न्युंट म्हणाला.

"म्या यीन बाईंनी. गावात त्यांनी कोणालाच अडाणी ठेवलं नाही."

मग तो गुरुवार आला. सकाळी पलटण गावात शिरली. नऊ पुरुषांना मठामागच्या चिंचेखाली नेलं. त्यांत म्या यीन बाईंचे यजमान होते. आम्ही बाकीचे घराघरांत पालथे पडून मोजत होतो. सात गोळ्या ऐकू आल्या. माणसं नऊ, गोळ्या सात; मेले मात्र नऊच्या नऊ. इथे मी पदरचं काही घालत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या ओट्यावर आल्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, "कागद सापडला तर मारतात, फोन सापडला तर मारतात. पत्रिकेला मात्र शिपाईही हात लावायला भितात. दुसऱ्याची पत्रिका मोडली तर स्वतःचे ग्रह फिरतात म्हणे. काका, तुम्ही लिहा, मी पलीकडे पोचवते. कोणीतरी विचारलं पाहिजे त्यांना."

मी लिहिलं. जन्मवेळेच्या जागी मरणवेळ. ग्रहांच्या घरांत जखमा. कोपऱ्यात पलटणीचा आकडा. आणि वडिलांच्या नावाच्या जागी, हुकूम देणाऱ्या कॅप्टनचं नाव.

"अरे वा, एका दमात नऊ पोरांचा बाप!" चहावाला ओरडला आणि दुकान हसलं.

ह्निन पोन हसली नाही. "पुढे?"

पुढे काय, चूक. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाने करू नये अशी. आमच्यात नाव वारावरून पडतं. शनिवारच्या पोराला शनिवारचं अक्षर, सोमवारच्याला सोमवारचं. हे भांडी घासणाऱ्यालाही कळतं. मी नावं खरी लिहिली आणि दिवसही खरा लिहिला. म्हणजे नावं साऱ्या आठवड्याची आणि जन्म सगळ्यांचा एकाच गुरुवारी. कोरताना मेलेल्यांचे चेहरे समोर होते. वार कोण ताडून बघतो?

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडीने निघालो. पानं बाईंच्या टोपलीत, कांद्यांखाली. नदीच्या अलीकडे लष्कराचं फाटक. तिथे खुर्ची टाकून विडा चघळत कोण बसलेला? तोच कॅप्टन. शिपायाने टोपली उपसली, पानं वर आली.

"पत्रिका?" तो खूश झाला. या साहेबलोकांना ज्योतिषाचा भारी नाद. "बघू बघू. टुन ह्ला. शनिवारचं नाव, आणि जन्म गुरुवारचा? कोण गाढव ज्योतिषी तुमचा?"

"आजीचा हट्ट, साहेब," मी म्हटलं.

त्याने दुसरं पान उचललं. "क्यॉ लिन. सोमवारचं नाव. हाही गुरुवारचा." तिसरं. चौथं. मग त्याचा जबडा थांबला. विड्याचा लाल ओघळ हनुवटीवर आला, तो त्याने पुसला नाही. वडिलांच्या नावापाशी त्याचं बोट टेकलं होतं.

दुकानातली माणसं स्टुलं ओढून जवळ सरकली.

"मग मी पुढे झालो," मी आवाज चढवला. "म्हटलं, साहेब, ही माझी सख्खी बहीण. आणि ही पानं तुमच्याच कुंडलीला बांधलेली आहेत. एक जरी मोडलं तरी अमावस्या बघणार नाही तुम्ही. असा थरथरला! पानं कपाळाला लावून परत दिली. बाईंना स्वतः हात धरून होडीत बसवलं. त्या उत्तरेकडे गेल्यात, बहिणीकडे. येतील आठवड्याभरात, पानं घेऊन. लिही पोरी, लिही."

ह्निन पोनचं पेन सरसर चाललं होतं. न्युंटने मात्र फाटकाचं नाव निघताच आपली बशी बाजूला सारली होती. त्याने हात पुढे करून तिच्या वहीवर ठेवला.

"खोटं," तो म्हणाला. साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं. "काका, ती टोपली मी उपसली. पानं कॅप्टनने तिथेच चुलीत घातली, मोजून नऊ. तुम्हांला विचारलं, ही बाई कोण? तुम्ही म्हणालात, गाडीत भेटली, ओळखत नाही. मग त्यांना दंड धरून खाली नदीकडे मी नेलं. वर आलो तो एकटाच."