आजचा आकडा

मी एक रिपोर्ट आहे. कागदावरचा नव्हे, लॅपटॉपमधला, उभ्या-आडव्या चौकटींचा. मला तोंड नाही, पण आकडे आहेत. आज त्यांच्याच जिवावर तुमच्याशी चार शब्द बोलतोय.

माझा जन्म भोपाळचा. मिसरोदच्या एका फ्लॅटमध्ये, देवघराला लागून असलेल्या टेबलावर संपदानं मला घडवलं. डायलिसिसला लागणारं औषधी पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीचं काम ती घरून करते. गावोगावच्या केंद्रांत किती खोकी उरली, ते तिथली माणसं रोज संध्याकाळी कंपनीच्या मोठ्या कंप्युटरात भरतात. सकाळी संपदा 'रिफ्रेश'चं बटण दाबते, की मी इंटरनेटवरून तिकडे जातो आणि ताजे आकडे घेऊन येतो. मंडीदीपच्या गोदामातला ट्रक कुठे न्यायचा, ते त्यावरून ठरतं.

मला एक खोड आहे. नेट नसलं तरी मी उघडतो, कालचेच आकडे आजच्यासारखे नीटनेटके मांडून. देवावरची कालची फुलं सकाळी कोमेजलेली दिसतात, हात आपोआप निर्माल्य काढायला जातो. माझे आकडे कोमेजत नाहीत. तिथेच माणसं फसतात.

त्या सोमवारी तसंच होणार होतं. घरातलं नेट सकाळीच गेलं. तेवढ्यात गोदामातून विजयसरांचा फोन. मूळचे नागपूरचे, मनानं चांगले, पण घाई फार.

"मॅडम, ट्रक उभा होऊन राहिला ना इथं. कालचाच रिपोर्ट भेजून द्या. एका रात्रीत काय उलटंपालटं होते?"

"झालं नसेलही, सर. पण बघितल्याशिवाय नाही पाठवणार."

"कालच्यात विदिशाला कमी आहे, बैतूलला भरपूर. विदिशालेच सोडतो."

"थोडं थांबा."

"ड्रायव्हरचा चहा होईस्तोवर थांबतो. मग माह्या हातात नाही."

ट्रक एकच. विदिशा एका दिशेला, बैतूल दुसऱ्या. चुकीच्या वाटेला लागला, तर गरज असलेल्या गावात रुग्ण मशीनशेजारी नुसते बसून राहणार. डायलिसिस काही उद्यावर ढकलता येत नाही.

मोबाइलचं नेट घरात येईना, म्हणून संपदा मला घेऊन गच्चीवर गेली. मागोमाग तिच्या सासूबाई, रत्नप्रभाबाई, छत्री घेऊन आल्या.

"या उन्हात दिसतंय का काही त्यात?"

"आई, तुमचा उपास आहे, वर कशाला आलात?"

"उपास पोटाला आहे, हातांना नाही," म्हणत त्यांनी माझ्यावर छत्री धरली.

संपदानं बटण दाबलं. मी निघालो. पडद्यावर ते छोटं वर्तुळ फिरू लागलं.

"हे काय गं गरगरतंय?"

"आकडे आणायला गेलाय, आई."

"म्हणजे प्रदक्षिणाच की. घालू दे."

अर्ध्या वाटेत नेट तुटलं आणि मी रिकाम्या हातानं परतलो. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. लॅपटॉप उचलून ती पाण्याच्या टाकीपाशी गेली, मग कठड्यापाशी. छत्री मागे मागे.

"त्याला कंटाळा नाही येत?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मला येत नाही, तोवर त्याला कसा येईल?"

खरं सांगतो, ते ऐकून मीही हट्टाला पेटलो. नेट कमी-जास्त होत होतं, पण या वेळी वाट सोडली नाही. एकेक ओळ भरत गेली. विदिशा होती तशीच. बैतूलची ओळ आली आणि संपदाचं बोट तिथेच थांबलं. तिथली भरलेली खोली एका रात्रीत जवळजवळ रिकामी. शेजारच्या चौकटीत तिथल्या अच्युतनं आज पहाटेच लिहिलं होतं: 'छतावरची टाकी फुटली. माल भिजून वाया. आज सकाळपुरताच उरलाय.'

तिनं फोन लावला. "सर, ट्रक बैतूलला. विदिशाचं आजचं भागतंय, बैतूलचं नाही."

पलीकडे विजयसर कुणावर तरी ओरडले, "अरे रोक, रोक! गेट बंद कर!" आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, निघालाच होता."

दुपारी बैतूलहून ट्रक पोचल्याचा निरोप आला. रत्नप्रभाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि त्यातलीच चिमूटभर सुनेच्या हातावर.

त्यानंतर संपदानं माझ्या माथ्यावर एक ओळ वाढवली: 'शेवटचं ताजं केलं', आणि पुढे तारीख नि वेळ. विजयसर आता फोनवर आधी तीच विचारतात.

पुढच्या महिन्यात माझी रजा. माझ्या जागी नवा रिपोर्ट येतोय. तो म्हणे आपणच ताजा होतो, बटणही दाबावं लागत नाही. येऊ दे, चांगलं आहे. सुखानं जाईन मी. फक्त एवढंच मागतो: तो कितीही हुशार असला, तरी रोज सकाळी त्याला एकदा विचारा, "बाबा रे, ही खबर कधीची?" आणि उत्तर मिळेपर्यंत ट्रकला थांबायला सांगा.