मी वाटून दिलेलं कर्ज

मी विधीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर बोलतोय. अवाढव्य आकडे आटोपशीर करून दाखवणं हे माझं काम. त्याच कामाची आता मला लाज वाटते.

धुळ्यात कॉलेजसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून विधीने मला घेतलं. हॉस्टेलच्या मुली मला उसना नेत, माझ्यावर चहा सांडत आणि उत्तर चुकलं की मलाच टपल्या मारत. तरी मी खुशीत होतो.

गेल्या सुट्टीत ती मला जळगावला घरी घेऊन गेली. तिचे आजोबा सुगनचंद शेठ, त्यांचं धान्याचं दुकान. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसेना, म्हणून विधी पेपर वाचून दाखवत होती. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. केंद्र सरकारवर सुमारे एकशे पंच्याऐंशी लाख कोटींचं कर्ज, अशी बातमी होती. शेठ म्हणाले, असल्या आकड्यातून काही कळत नाही बुवा.

दुकानाच्या साध्या कॅल्क्युलेटरवर तो मावेचना. विधीला चेव आला. लाख म्हणजे दहाचा पाचवा घात, कोटी म्हणजे सातवा, मिळून बारावा; एकशे पंच्याऐंशीचे आणखी दोन. मी ऐटीत दाखवलं: १.८५ × १०¹⁴. लोकसंख्या १.४ × १०⁹. भागाकारात चौदातून नऊ गेले, पाच उरले. माणशी साधारण एक लाख बत्तीस हजार.

इतका वेळ तो आकडा कुणाचंच काही बिघडवत नव्हता. मी तो माणसाच्या अंगाला लागेल एवढा करून ठेवला.

शेठनी जन्मात कुणाचा रुपया बाकी ठेवला नव्हता. ते म्हणाले, "अंगावर बाकी असताना स्वतःवर खर्च नाही. ऑपरेशन राहू दे. आधी माझा वाटा भरू."

घरच्यांनी दोन दिवस समजावलं, पण शेठ ऐकेनात. ऑपरेशनच्या सकाळी विधीला सुचलं. "दादाजी, सरकार बरंचसं कर्ज आपल्याच लोकांकडून घेतं. पोस्टात तुमचे पाच लाख आहेत ना? ते सरकारनेच वापरायला घेतलेत. म्हणजे तुम्ही देणं लागता त्याहून येणं जास्त."

शेठ हसले आणि टोपी घालून दवाखान्यात जायला उठले.

दुकानात धान्य निवडणारी कमलबाई हे सगळं ऐकत होती. तिने आपल्या वाट्याचं कर्ज हळूच विचारलं, "विधी, मन्हा डोकावर कितलं शे?"

विधीला धुळ्याची बस गाठायची होती. "तेवढंच, मावशी. सगळ्यांचं सारखंच," म्हणत तिने मला बॅगेत टाकलं.

"इतलं मी कव्हय लिधं?" कमलबाई म्हणाली. एवढं आपण घेतलं कधी, हे तिला कळेना; पण सगळे निघायच्या घाईत होते, ऐकलं ते बॅगेतून मीच.

आता मी धुळ्यात विधीच्या टेबलावर असतो. शेठना छान दिसतं. परवा घरून फोन आला, त्यात कळलं की कमलबाईने चष्मा करायचं ऐनवेळी रद्द केलं. का, ते ती कुणाला सांगत नाही. मला मात्र ठाऊक आहे. मला सारखे भाग करता येतात, पण कुणी घेतलं आणि कुणाच्या पदरात काय पडलं, हे सांगणारं बटण माझ्याकडे नाही.

कधी जळगावला गेलात तर तिला एवढं सांगाल का? हे पैसे तुझ्या दारात मागायला कुणी येणार नाही. तू चष्मा करून घे.