पिंपांचा रस्ता

आमच्या नगराध्यक्षा चष्म्याचं दुकान चालवायच्या. निवडून आल्यावरही त्यांनी ते बंद केलं नाही. सकाळी दुकान, दुपारी पालिका. त्यामुळे नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेला माणूस बऱ्याचदा डोळे तपासून घरी जायचा. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं.

बाईंचे यजमान गावाबाहेरच्या अणुवीज केंद्रात क्रेन चालवत. वीज करून झाल्यावर जे इंधन उरतं ते किरणोत्सारी असतं, कुठंही टाकून देता येत नाही. ते जाडजूड पोलादी पिंपांत बंद करून एका अवाढव्य इमारतीत उभं करून ठेवत. केंद्रातली माणसं त्या इमारतीला कोठी म्हणत. ती पिंपं उचलून जागच्या जागी ठेवणं हे यजमानांचं काम. घरात महिन्याला एक तरी कप फोडणारा हा माणूस तिथं घराएवढं वजन अलगद खाली टेकवायचा.

पालिकेतले विरोधी पक्षनेते म्हणजे बाईंचे धाकटे दीर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. सभागृहात ते "अध्यक्ष महोदया!" म्हणून तोफ डागायचे आणि सभा संपली रे संपली की "वहिनी, चहा सांगा" म्हणायचे. गावाला याची सवय झाली होती.

एका रविवारी दुपारी जेवताना यजमान म्हणाले, "आमच्या कोठीची मुदत आणि जागा दोन्ही वाढवणार आहेत. दुसऱ्या केंद्रांतली पिंपंही इकडेच आणायची म्हणतात. कायमची जागा ठरेपर्यंत."

"आणि ती कधी ठरणार?"

"आमचे नवे साहेब निवृत्त झाल्यावर केव्हातरी."

"साहेब कधी निवृत्त होणार?"

"परवाच लागलेत नोकरीला."

बाईंचा घास हातातच राहिला. "आणि हे तुम्ही मला सांगताय? जेवताना?"

"मग कुणी सांगायचं?"

"तेच विचारतेय मी," बाई म्हणाल्या आणि ताट तसंच ठेवून उठल्या.

त्यांनी इतके फोन केले की शेवटी ऊर्जा खात्याचे एक अधिकारी पालिकेत आले. माणूस वाईट नव्हता. पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी पिंपांच्या भिंती किती जाड, आग लागली तर काय, भूकंप झाला तर काय, हे सगळं नीट समजावलं. शेवटी म्हणाले, "तर पालिकेला ही माहिती देण्यात आलेली आहे."

"माहिती मिळाली," बाई म्हणाल्या. "आता विचारा."

"काय विचारू?"

"तुम्हाला चालेल का, असं."

अधिकारी कसंनुसं हसले. "बाई, हा विषय पालिकेच्या अखत्यारीत येत नाही. कायद्यात विचारायची तरतूदच नाही."

झालं! सभागृहात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, केंद्रच बंद करा. कुणी म्हणालं, मग माझ्या जावयानं काय करायचं? दीर तर बाक बडवत उभे राहिले. "अध्यक्ष महोदया, उगाच मोहोळाला हात घालू नका! केंद्राला टाळं लागलं तर अर्धं गाव घरी बसेल. निदान तुमच्या स्वतःच्या घरात चूल कशावर पेटते ते तरी बघा!"

हा घाव बाईंना लागला. त्या दिवशी त्यांनी दिरांना चहा सांगितला नाही.

घरी यजमान वाट बघत होते. बाई आल्या तसे म्हणाले, "लोक म्हणतात, बाईंनाच नवऱ्याच्या कामाची भीती वाटते. तसं असेल तर मला सांग. मी वीस वर्षं जीव ओतून काम केलंय तिथं."

बाई त्यांच्या समोर बसल्या. "मला ती कोठी दाखवा. इतकी वर्षं संसार केला, पण तुम्ही दिवसभर काय करता ते मी कधी पाहिलंच नाही."

रीतसर परवानगी काढून बाई गेल्या. अंगावर ढगळ पांढरा कोट, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला. कोठी एखाद्या क्रीडासंकुलाएवढी होती, झाडूनपुसून लख्ख. माणसापेक्षा तिप्पट उंच पिंपं रांगेनं उभी होती. आवाज म्हणाल तर फक्त हवा खेळत असल्याचा. यजमान वर काचेच्या केबिनमध्ये चढले आणि एक पिंप इतक्या हळुवार खाली आलं की ते टेकलं कधी हेच बाईंना कळलं नाही. नंतर त्यांनी एका पिंपावर तळवा ठेवून पाहिला. उन्हातल्या भिंतीसारखं ऊबदार लागलं.

"अजून तापलेलंच आहे?"

"निवतंय हळूहळू. आपण नसू तेव्हाही निवतच असेल." झोपलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं यजमान बोलत होते.

बाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी असा राग आला की डोळ्यांत पाणी तरळलं. "इतकी वर्षं आपण हे सांभाळतोय. एवढी वीज दिली सगळ्या देशाला. आणि एकदाही कुणाला वाटलं नाही की या लोकांना विचारावं?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

"आपलं आहे ते राहू द्या म्हणाले असते! पण म्हणाले असते ना!"

यजमानांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आता कळलं."

दुसऱ्या दिवशी बाई दुकान लवकर बंद करून थेट दिरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. दीर वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली बसून शिकाऊ परवान्याचे फोटो कापत होते. वहिनीला पाहून आधी घाबरले.

"भाऊजी, केंद्राकडे जाणारा रस्ता कुणाचा?"

"आपल्याच पालिकेचा. म्हणजे तुमचा! किती वेळा ओरडलो सभागृहात, खड्ड्यांनी माझ्या गाड्या खिळखिळ्या झाल्यात म्हणून."

"आणि त्यावरून अवजड वाहन न्यायचं तर परवानगी कोण देतं?"

"पालिका. दुसरं कोण देणार?" दिरांची कात्री हवेतच थांबली. "वहिनी! बाहेरून पिंपं आणायची तर…"

"दुसरा रस्ताच नाही."

दीर ताडकन उभे राहिले. "अरे वा रे वा! खड्डे पडले की रस्ता पालिकेचा, आणि पिंपं आणायची वेळ आली की सरकारचा?"

"अगदी हेच सभागृहात बोला. ठराव तुम्ही मांडा."

"मी? मी विरोधी पक्षनेता आहे!"

"म्हणूनच."

दिरांनी ठराव मांडला. त्याआधी बाईंच्या कारभाराचे वाभाडे काढायला ते विसरले नाहीत. ते उरकल्यावर घसा साफ करून म्हणाले, की पालिकेची संमती मागितली जाईपर्यंत बाहेरच्या एकाही पिंपाला या रस्त्यावर परवानगी नाही. केंद्र बंद करा म्हणणाऱ्यांनीही हात वर केला, केंद्र जगलं पाहिजे म्हणणाऱ्यांनीही. गेल्या कित्येक वर्षांत या सभागृहात एकमत झालं होतं ते फक्त पंखे दुरुस्त करण्यावर.

मग वरून दबाव यायला लागला. आधी धमकी आली, मग गोड बोलणं. गावाला पोहण्याचा तलाव बांधून देऊ, असं कुणीतरी फोनवर सुचवलं. "तलाव हवाच आहे," बाई म्हणाल्या, "पण तो वेगळा मागू."

मग अफवा उठली की चिडून सरकार केंद्रच हलवणार. केंद्राच्या कँटीनमध्ये यजमानांच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. ते घरी येऊन याबद्दल चकार शब्द काढत नसत. बाईंना ते बाहेरूनच कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं, पुरे झालं, सोडून द्यावं.

पण त्याच आठवड्यात एका दुपारी केंद्रातल्या कामगारांचा घोळका दुकानात शिरला. यजमान मागे दाराशी उभे होते. आता भांडण होणार म्हणून बाईंनी चष्म्यांच्या फ्रेमा आवरून घेतल्या. कामगारांचे मुकादम पुढं झाले. म्हणाले, "यांनी काल कँटीनमध्ये आम्हाला चांगलं फैलावर घेतलं. कधी न बोलणारा माणूस! म्हणाले, बाई तुमच्या नोकरीवर उठलेल्या नाहीत, तुमच्याच कामाला मान मागतायत. बाई, आमचीही पोरंबाळं याच गावात राहतात. आम्हालाही कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही मागे हटू नका."

बाईंनी फ्रेमा खाली ठेवल्या. खुर्च्या पुरणार नाहीत हे माहीत असूनही सगळ्यांना बसा म्हणाल्या.

तिथून पारडं फिरलं. दीर आपली शिकाऊ गाडी घेऊन, छपरावरच्या पाटीसकट, रस्त्यावरच्या गावागावांत गेले. खड्ड्यांचं आणि पिंपांचं भाषण त्यांना आता तोंडपाठ झालं होतं. एकेका पालिकेनं तसाच ठराव केला. शेवटी संसदेच्या समितीनं सगळ्यांना सुनावणीला बोलावलं.

राजधानीला जाताना गाडी बाईंनी चालवली. शेजारी बसलेले दीर वाटभर पाय आपटत, नसलेला ब्रेक दाबत होते. सुनावणीची खोली म्हणजे गालिचे काय, प्रत्येकापुढं माईक काय! समितीच्या अध्यक्षा वयानं मोठ्या आणि नजरेनं करड्या होत्या. खात्याचे तेच अधिकारी समोर बसले होते. त्यांनी प्रस्ताव मांडला, की पालिकांना सल्लागार मंडळात एक जागा देऊ.

"घेऊन टाका वहिनी," दीर कुजबुजले. "खूप झालं."

बाईंनी माईक जवळ ओढला. "सल्ला द्यायला आम्हाला खुर्ची कशाला हवी? तो आम्ही घरबसल्याही देतो. आम्हाला हो म्हणायचा अधिकार द्या."

"म्हणजे नाही म्हणायचा?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"नाही म्हणायची सोयच नसेल, तर आमच्या होकाराला काय अर्थ?"

अधिकारी मृदूपणे म्हणाले, "पण हा अतिशय तांत्रिक विषय आहे. पालिकेकडे तज्ज्ञ नाहीत."

"तुमच्या तज्ज्ञांबद्दल माझी तक्रार नाही. माझे यजमानच त्यांच्या हाताखाली शिकले," बाई म्हणाल्या. "माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढते मी. ते माझं शिक्षण, त्यात गिऱ्हाइकानं बोलू नये. पण चष्मा घ्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवतं. कारण नाक त्याचं असतं."

खोलीत हशा पिकला. समितीच्या अध्यक्षांनी नकळत आपला चष्मा वर सरकवला.

आणि मग, न विचारता, दीर उभे राहिले. "मी या बाईंचा विरोधक. यांनी केलेलं एकही काम मला आवडत नाही. पण आज यांनी एवढ्यावर समाधान मानलं, तर परत गेल्या गेल्या मी यांच्यावर अविश्वास ठराव आणीन!" एवढं बोलून ते बसले आणि खिशातल्या रुमालानं मान पुसू लागले.

समितीनं थोडा वेळ मागितला. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात दोघं बाकावर बसले होते. थोड्या वेळानं दार उघडलं. अध्यक्षा स्वतः बाहेर आल्या आणि बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कायदा बदलावा लागेल. आम्ही तशी शिफारस करतोय."

कायदा बदलला. भांडणं झाली, भाषणं झाली, मधली काही कलमं गळाली, पण मुख्य गोष्ट टिकली. किरणोत्सारी कचरा कुठं ठेवायचा, किती काळ ठेवायचा, आणि त्या परिसरात विजेचं पुढं काय करायचं, यातलं काहीही स्थानिक पालिकेच्या संमतीशिवाय ठरणार नाही.

आणि पहिली संमती मागायला ते अधिकारी आमच्याकडे आले. दिवसाढवळ्या, खच्चून भरलेल्या सभागृहात. खिडक्यांच्या बाहेर माणसं, जिन्यावर माणसं. पहिली पाळी संपवून यजमान कामाच्या कपड्यांतच गॅलरीत उभे होते. अधिकारी पुढं आले, कोटाचं बटण लावलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "कोठीच्या मुदतवाढीला पालिकेची संमती आहे का? बाहेरची पिंपं इथं आणायला संमती आहे का?"

मग त्यांनी वही उघडली आणि पेन काढलं.

चर्चा भरपूर झाली. कुणीही घाई केली नाही. आता वेळ आमची होती. आपली पिंपं आपल्याकडे राहतील, पण मुदत ठरलेली. हवेतल्या किरणांचं मोजमाप भर चौकात फलकावर लागणार. कोठीत कधीही जाऊन पाहायला पालिकेचा स्वतःचा निरीक्षक असणार. याला संमती. आणि बाहेरची पिंपं? दिरांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनींनी सभागृहाकडे.

"नाही," सभागृह म्हणालं.

अधिकाऱ्यांनी ते शब्द शांतपणे लिहून घेतले. "मान्य," ते म्हणाले. "पालिकेचा निर्णय खात्याला बंधनकारक आहे." आणि मग हळूच हसले, या वेळी मनापासून. "बाई, खरं सांगू का? विचारायला मलाही बरं वाटलं."

त्यानंतर काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण सगळं एकदमच झालं. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बाईंना कुणी पुढून मिठी मारली, कुणी मागून. यजमान गर्दीतून वाट काढत खाली आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी बायकोचा हात धरला. असं त्यांनी लग्नातही लाजत लाजतच केलं होतं. दिरांना कामगारांनी खांद्यावर घेतलं. "उतरवा, उतरवा, डोकं आपटेल!" म्हणून ते ओरडत होते, आणि उतरायची इच्छा मुळीच दिसत नव्हती. मागच्या अंगणात अग्निशमन दलाचे जवान उभे होते. त्यांना राहवलं नाही. त्यांनी सरळ बंबाचा भोंगा लावला. तो ऐकून अख्खं गाव धास्तावून बाहेर आलं. हातात चपला घेऊन माणसं धावली. केशकर्तनालयातून एक जण तोंडाला साबण फासलेला तसाच रस्त्यावर आला. "काय झालं? काय झालं?"

"जिंकलो!" जवान बंबावरून ओरडले.

साबणवाल्यानं कसलाही विचार न करता शेजारच्या अनोळखी माणसाला कडकडून मिठी मारली, आणि दोघांचेही चेहरे पांढरेफटक झाले. भोंगा वाजतच राहिला.